ढेलज, ढाळज, देवडी: दारातल्या जागेच्या शब्दाचा माग कसा काढावा

वाड्याच्या मोठ्या दरवाज्यातून आत पाऊल टाकले की चौक लागायच्या आधी एक छपराखालची जागा लागते. मधून वाट, दोन्ही अंगांना बसायचे उंच कट्टे. पहारेकरी इथे, कारकून इथे, आत जायची परवानगी न मिळालेला माणूसही इथेच. या जागेला कुठे ढेलज म्हणतात, कुठे ढाळज, कुठे देवडी. तीन शब्दांचा अर्थ जवळजवळ एकच असला तरी त्यांचा वंश एक नाही. असा शब्द हाती आला की त्याचा अर्थ आणि उगम नीट कसा शोधायचा, हे पुढे ढेलज हेच उदाहरण धरून सांगितले आहे. हीच रीत ओसरी, पडवी, सोपा, माजघर यांनाही लावता येते.

आधी जागा, मग शब्द

बहुतेक जण थेट कोशात शिरतात आणि तिथेच फसतात. घराच्या भागांची नावे सरकती असतात. घर पडते, नाव उरते आणि शेजारच्या भागाला चिकटते. म्हणून आधी जागा पक्की करावी.

गावात जुना वाडा किंवा गढी उभी असेल तर कागदावर साधा नकाशा काढा: दरवाजा, दिंडी (मोठ्या दारातले लहान दार), अडसराची भोके, उंबरठा, वाट, दोन्हीकडचे कट्टे, पुढचा चौक. टेप लावून वाटेची रुंदी, कट्ट्याची उंची आणि खोली लिहून घ्या. माणूस त्यावर नुसता टेकू शकतो की मांडी घालून लिहायला बसू शकतो, हे खोलीवरून कळते आणि अर्थ ठरवताना नेमके तेच लागते. पहाऱ्याची जागा आणि कारकुनाची जागा यांतला फरक कोश सांगेलच असे नाही, कट्टा सांगतो.

मग माणसांना विचारा. 'ढेलज म्हणजे काय हो?' असे विचारायचे नाही. शब्द तुम्हीच तोंडात दिलात की समोरचा तोच परत देतो. 'दारातून आत आल्यावर पहिली जागा लागते तिला तुमच्याकडे काय म्हणतात?', 'पाहुणा आला की आधी कुठे बसवायचे?', 'मुलीकडची मंडळी कुठे बसली होती?' असे विचारा. उत्तर पूर्ण वाक्यात लिहून घ्या. 'ढाळजेत बसवलं' यातून दोन गोष्टी हाती लागतात: शब्द स्त्रीलिंगी आहे आणि त्याचे सामान्यरूप 'ढाळजे-' आहे. नुसता 'ढाळज' लिहून आणलात तर हे दोन्ही हातचे गेले. शेवटचा ज 'जहाज'मधला की 'जय'मधला हेही तेव्हाच ऐकून टिपावे. फोनवर आवाज नोंदवता आला तर उत्तम.

एका गावातली पाच माणसे म्हणजे पाच पुरावे नव्हेत, तो एकच पुरावा. वेगवेगळ्या तालुक्यांतली किमान तीन ठिकाणे मिळेपर्यंत 'मराठवाड्यात असे म्हणतात' असे विधान करू नये.

एवढे झाले की आसपासच्या नावांशी सीमा आखून घ्या. ढेलज दरवाज्याच्या आत, पण चौकाच्या अलीकडे. ओसरी चौकाकडे किंवा अंगणाकडे उघडी, घराला लागून. पडवी घराच्या कडेला उतरत्या छपराखाली, कोकणात विशेष. गोव्यातल्या जुन्या घरांचे बलकांव दाराबाहेर पायऱ्यांवर असते आणि त्याचे नाव पोर्तुगीज आहे. ही नावे एकमेकांच्या जागी वापरली जातात, ते चूक म्हणून खोडू नका. कुठे वापरली गेली ते लिहा.

कोश कोणत्या क्रमाने पाहावे

पहिला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची पहिली आवृत्ती 1831 ची, पण वापरायची ती 1857 ची दुसरी. वाडे जिते होते त्या काळातला हा कोश, त्यामुळे घराच्या शब्दांसाठी त्याच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. शब्दापुढच्या कंसात एस, एच, पी, ए अशी रोमन आद्याक्षरे असतात: संस्कृत, हिंदुस्तानी, फारसी, अरबी. इथे एक खाचखळगा आहे. हिंदुस्तानीची खूण असेल तर तो शब्द मराठीत हिंदुस्तानीतून आला एवढेच ती सांगते. हिंदुस्तानीत तो कुठून आला हा प्रश्न शिल्लकच राहतो. खूण म्हणजे शेवटचा थांबा, उगम नव्हे.

दुसरा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, 1932 ते 1938 मध्ये निघालेले सात विभाग आणि 1950 ची पुरवणी. यात प्रांतिक रूपे आणि वापराची उदाहरणे भरपूर आहेत, व्युत्पत्ती शेवटी चौकटी कंसात. पुरवणी बघायला लोक हमखास विसरतात. रूपभेद शोधताना वर्णक्रम ध्यानात ठेवा: मराठी कोशात ळ हा ह च्या नंतर येतो, त्यामुळे ढाळज हे रूप ढालज जिथे सापडले असते तिथे सापडणार नाही, थोडे पुढे जावे लागेल.

तिसरा कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश, 1946 चा. तो इतर कोशांशी पडताळून घ्यावा, एकट्याच्या भरवशावर राहू नये. फारसी वळणाचा शब्द असेल तर माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश (1925) हाताशी हवाच. संस्कृत-प्राकृत बाजूसाठी टर्नरचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश (1962 ते 1966). फारसी बाजूसाठी स्टाइनगासचा फारसी-इंग्रजी कोश (1892). आणि शब्द यादवकाळात होता का हे बघायला तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (1999), जो साधारण 1350 पर्यंतच्या मराठीचा आहे.

यांतले मोल्सवर्थ, दाते-कर्वे, तुळपुळे-फेल्डहाउस, टर्नर आणि स्टाइनगास हे पाचही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया डिजिटल ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. शोध नुसत्या मथळ्याच्या शब्दात न करता अर्थाच्या मजकुरातही करावा. दरवाजा, पहारा, कट्टा असे शब्द टाकून शोधले की तुमच्या डोक्यात नसलेली रूपे वर येतात.

शिवकाळातला राज्यव्यवहारकोश लोक घाईने उघडतात. त्यात फारसी-दख्खनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. पर्याय म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. या कोशाचे कर्ते रघुनाथ पंडित यांनी समोर ठेवलेला संस्कृत शब्द हा त्या फारसी शब्दाचा पूर्वज आहे असे समजणारे पुष्कळ भेटतात.

ढेलजेची साखळी

फारसीत शब्द आहे दहलीज. अर्थ: बाहेरचे दार आणि घर यांच्यामधली जागा. फारसी लिपीत तो दाल, हे, लाम, ये, झे या पाच अक्षरांनी लिहितात आणि ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. म्हणून दहलीज, दिहलीज, देहलीज ही तिन्ही उच्चारणे एकाच लेखनात मावतात. अरबीने तो फारसीकडून घेतला आणि दिहलीज केला. तुर्कीत तो देहलिज होऊन लांबट, बहुधा भुयारी वाटेच्या अर्थाने राहिला. आजच्या इराणात हृदयाच्या वरच्या कप्प्यालाही दहलीजच म्हणतात: रक्त आधी तिथे येते, मग आतल्या दालनात जाते. अर्थाचा गाभा किती पक्का आहे हे यातून दिसते.

मागे गेले तर इराणातल्या सासानी राजघराण्याच्या काळच्या मध्य फारसीत दहलीज आहेच. त्याही मागे प्राचीन फारसीत 'दुवर्थि' हा शब्द येतो आणि तो कुठे सापडतो ते पाहण्यासारखे आहे. इराणातल्या पर्सेपोलिस या प्राचीन राजधानीत सम्राट क्षयार्षा (झर्क्सिस, इ.स.पू. 486 ते 465) याने बांधलेल्या 'सर्व राष्ट्रांच्या दरवाज्या'वर त्याचा कोरीव लेख आहे आणि त्यात तो या वास्तूला 'दुवर्थि' म्हणतो. म्हणजे प्रवेशदालनाचा हा शब्द एका खऱ्या प्रवेशदालनाच्या भिंतीवर जवळपास अडीच हजार वर्षे कोरलेला आहे. असा पुरावा व्युत्पत्तीच्या धंद्यात फार थोड्या शब्दांच्या नशिबी येतो.

दुवर्थिचे दहलीज कसे झाले? इथे नियम लावायचा असतो, कानाला लागेल तसे जुळवायचे नसते. जुन्या इराणी भाषेतला 'र्थ' पुढे 'ह्ल' होतो. याची साक्ष आपल्या ओळखीच्या शब्दात आहे: पार्थव चे पह्लव झाले ते याच नियमाने. दुवर्थिमधला 'र्थ' तसाच 'ह्ल' झाला, पुढे प्रत्यय लागला आणि दहलीज उभे राहिले. 'दुवर' म्हणजे दार, संस्कृत द्वार चे सख्खे भावंड. तेव्हा ढेलज आणि दार हे दोन शब्द एकाच कुळातले निघतात, फक्त एक इराणच्या वाटेने घरी आला.

आता मराठीतले टप्पे. दहलीजमधला 'दह' उत्तरेत बोलताना 'देह' होतो, शहर चे शेहेर होते तसा. त्यातला ह पुढे वेगळा उरत नाही, मागच्या व्यंजनात शिरतो आणि ते महाप्राण होते. द मूर्धन्य होणे आपल्याकडे नवे नाही: दंश पासून डंख, दोला पासून डोलणे. सौराष्ट्रात घराच्या अशाच प्रवेशवास्तूला डेली म्हणतात, तिथेही आरंभी ड आहे. झ चा ज होणे तर रोजचेच: जमीन, बाजार, रोज.

राहिला 'ली' मधला दीर्घ ई. तो गेला कुठे? याचे उत्तर बहुधा विभक्तीत आहे. खारीक, पण खारकेला. लाकूड, पण लाकडाला. शब्दाच्या उपान्त्य ई-ऊ चे सामान्यरूपात लोप पावणे ही मराठीची जुनी सवय. जागेचा शब्द लोकांच्या तोंडी मुख्यतः सप्तमीत असतो, '-जेत बसला', '-जेत ठेव'. ढेलजेत हे रूप रुळले आणि त्यावरून उलटे ढेलज सिद्ध झाले. म्हणून वर म्हटले, वाक्य पूर्ण लिहून घ्या.

ढाळज हे रूप नियमाने निघत नाही. फारसी उसनवारीत ल सहसा ल च राहतो: मालक, गुलाल. ए चा आ होण्यालाही इथे आधार नाही. ढाळ, ढाळणे या रोजच्या शब्दांनी त्याला आपल्याकडे ओढले असावे. यावरून 'छपराला ढाळ असतो म्हणून ढाळज' अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. तिला अर्थाचा आधार नाही, कारण छपराचा ढाळ पडवीलाही असतो आणि गोठ्यालाही. शिवाय शेवटचा ज कुठून आला हे तिला सांगता येत नाही. एक अक्षर जरी हिशेबाबाहेर राहिले तरी व्युत्पत्ती अपुरी समजावी.

देवडी वेगळी काढा

देवडीचे घराणे दुसरे. हिंदीत ड्योढी, बंगालीत देउडी, पंजाबीत डिउढी: अर्थ सगळीकडे दरवाज्याची वास्तू किंवा तिथला पहारा. अमृतसरच्या सुवर्णमंदिरात सरोवराकाठची दर्शनी ड्योढी आहे. आपल्याकडे हा शब्द किल्ल्यांनी जिवंत ठेवला. रायगडच्या महादरवाज्यातून आत गेल्यावर पहारेकऱ्यांच्या देवड्या दिसतात, आणि दुर्ग फिरणाऱ्या कुणालाही तो शब्द समजावून द्यावा लागत नाही. हैदराबादेत अर्थ फुगला: तिथे अमीर-उमरावांच्या अख्ख्या हवेलीलाच देवडी म्हणू लागले. भाग पुढे होऊन संपूर्णाचे नाव बनतो, हा अर्थविस्ताराचा ठळक नमुना आहे.

हिचे नाते सहसा संस्कृत देहली शी लावतात. देहली म्हणजे उंबरठा. मेघदूतातली यक्षपत्नी विरहाचे उरलेले महिने उंबरठ्यावर ठेवलेल्या फुलांनी मोजते, तिथे हाच शब्द आहे. उंबरठ्यावरचा दिवा आत-बाहेर दोन्हीकडे उजेड देतो, तो देहलीदीपन्यायही यातलाच. उंबरठा आणि त्यामागची जागा हे अर्थ शेजारचे आहेत, त्यामुळे अर्थाने अडत नाही. ध्वनीने मात्र थोडे अडते: 'हल' चे 'वड' सरळ होत नाही, मधे प्रत्ययाची किंवा दुसऱ्या शब्दाच्या मिसळीची पायरी मानावी लागते. म्हणून नोंदीत 'पक्की' न लिहिता 'बहुधा' लिहावे.

आणखी दोन सापळे. देवळी म्हणजे भिंतीतला लहान कोनाडा, तो देवळावरून आलेला वेगळा शब्द. ड आणि ळ ची गल्लत झालेले छापील मजकूर पुष्कळ आहेत, तेव्हा 'देवडीत दिवा ठेवला' असे वाक्य दिसले की मूळ प्रत पाहा. दुसरा सापळा 'देव असतो ती देवडी' हा. त्यावर वेळ घालवू नये.

दहलीज आणि देहली कानाला सारखे लागतात, म्हणून दोघांना एकाच ओळीत उभे करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यात भर म्हणजे आजच्या हिंदीत दहलीज चा अर्थ सरकून उंबरठाच झाला आहे. हिंदी सिनेमाच्या कानाने मराठी कागद वाचला तर 'ढेलजेत चौघे बसले' हे वाक्य हास्यास्पद होते, उंबरठ्यावर चौघे कसे बसणार? ज्या काळचा कागद, त्या काळचा अर्थ लावावा.

याच नादात 'हिंदुस्थानचा उंबरठा म्हणून दिल्ली' हेही सांगितले जाते. असा दावा तपासायचा तो जुन्यात जुन्या लेखनावर. 1170 च्या बिजोलिया शिलालेखात नाव 'ढिल्लिका' असे आहे. तिथे ना ह, ना ज.

कागदात शोधताना

कोशातला अर्थ आणि दप्तरातला वापर जुळतो का हे पाहिल्याशिवाय काम पुरे होत नाही. गो. स. सरदेसाई यांनी संपादलेले पेशवे दप्तराचे 45 खंड (1930 ते 1934) ग्रंथालयांत मिळतात. सूचीत माणसे आणि गावे असतात, ढेलज नसते. म्हणून बांधकामाचे हिशेब, पहाऱ्याच्या नेमणुका, चोरी-मारामारीच्या जबान्या यांची पाने चाळावी. जबानी सगळ्यांत फलदायी, कारण तिथे कोण कुठे बसला होता हे सांगावेच लागते.

मोडी मूळ कागद पाहत असाल तर ऱ्हस्व-दीर्घावर काहीच उभारू नका, मोडीत तो भेद पाळत नाहीत. ढेलज आणि ढेलीज यांतली वेलांटी आहे की नाही एवढेच तिथे ठरते. तारखेत शक असेल तर 78 मिळवा, जानेवारी ते पाडवा या काळासाठी 79. शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांत येणारी कालगणना) असेल तर 599, आणि जानेवारी ते मृग या काळासाठी 600. हे वर्ष मृगाला बदलते, पाडव्याला नाही. इथे एक वर्ष चुकले तर 'पहिली नोंद' म्हणून मिरवलेली तारीख कोसळते.

नोंद लिहिताना

प्रत्येक शब्दाची नोंद एका कार्डावर, ठरलेल्या क्रमाने: रूप, लिंग आणि सप्तमी, उच्चार, ठिकाण, अर्थ (जागेच्या वर्णनासह), सर्वांत जुना तारखेचा वापर, साखळी, आणि साखळीच्या प्रत्येक दुव्यापुढे 'पक्का', 'बहुधा' किंवा 'ऐकीव'. हा शेरा सबंध व्युत्पत्तीला एकदाच देऊ नये, दुव्यागणिक द्यावा. नमुना असा:

ढेलज, स्त्री., ढेलजेत. रूपभेद ढाळज. वाड्याच्या दरवाज्याच्या आत, चौकाच्या अलीकडे असलेली छपराखालची जागा, दोन्ही बाजूंस बैठकीचे कट्टे. पहारेकरी, कारकून, पाहुणे बसण्याची. फारसी दहलीज (पक्का), मध्य फारसी दहलीज (पक्का), प्राचीन फारसी दुवर्थि (बहुधा). ई चा लोप सामान्यरूपावरून (बहुधा). ढाळज हे रूप ढाळ च्या ओढीने (बहुधा). छपराच्या ढाळावरून (ऐकीव, अग्राह्य). पाहा: देवडी, दालन.

अग्राह्य व्युत्पत्तीही कार्डावर ठेवावी. ती गाळली तर पुढचा माणूस ती नव्याने शोधून काढतो आणि तुमच्याकडून राहून गेली असे समजतो.